देवीच्या माळावरची द्राक्षबाग

दिंडोरीच्या बाजूला माझ्या पुतण्याची वाइनच्या द्राक्षांची बाग आहे. फाल्गुन लागला की तिथे पांढऱ्या द्राक्षांची शेवटची तोडणी चालू असते. यंदा ऐन तोडणीच्या सकाळी मी पिशवी भरून निघालो. पुतण्या क्रेट मोजायचं सोडून माझ्याकडे आला.

"काका, या वयात पोलादपूरच्या डोंगरात काय काम काढलंत?"

"एक वाक्य मागे घ्यायचं आहे," मी म्हटलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

ते वाक्य कोणतं हे आधीच सांगून टाकतो. वीसेक वर्षांपूर्वी मी द्राक्षबागांचा सल्लागार म्हणून महाराष्ट्रभर हिंडत असे आणि शेतीच्या एका मासिकात त्या हिंडण्यावर लेख लिहीत असे. त्यातल्या एका लेखात मी लिहिलं होतं, की पोलादपूरच्या डोंगरात एका शेतकऱ्याने वाइनची द्राक्षं लावून पाहिली, पण निगा न राखल्यामुळे बाग गेली. हे खोटं होतं. ती बाग माझ्याच सल्ल्याने लावली गेली होती आणि ती मेली तिथल्या मातीने आणि पावसाने. लिहिताना मला हे ठाऊक होतं. त्या दिवसांत आणखी दोन ठिकाणच्या लोकांना मी बागा लावायला सांगत होतो, म्हणून दोष दुसऱ्याच्या अंगावर ढकलणं मला सोयीचं पडलं.

त्या शेतकऱ्याचं नाव गणपत. यंदाच्या थंडीत त्याच्या सुनेचा, सुनंदाचा, मला फोन आला. माझा नंबर तिने कुठून काढला देव जाणे. ती म्हणाली, "त्या बागेपायी आमच्या आबांचा पालखीचा मान गेला. आबा आता थकलेत. शिमग्याला गावकी बसंल. तुमी येऊन खरं सांगताव का नाय, तेवढंच बोला."

कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी देवळातून बाहेर पडते, तेव्हा तिला पहिला खांदा कोणी द्यायचा हे ठरलेलं असतं. तो घराण्याचा हक्क. त्यालाच मान म्हणतात. असले प्रश्न सोडवायला गावाची जी सभा बसते ती गावकी. मान गेला म्हणजे माणूस गावात राहतो, पण त्या दिवशी गावाचा राहत नाही.

मी येतो म्हणालो.

निघताना पुतण्याने नव्या हंगामातली थोडी वाइन चाखायला दिली. आम्ही जी पांढरी वाइन करतो ती कोरडी. फळातली साखर आंबताना पार संपते आणि तोंडात राहतो तो आंबटपणा आणि वास. हा आंबटपणा वाइन बनवणाऱ्याच्या हाती नसतो, तो बागेतून यावा लागतो. दिवसा कडक ऊन आणि रात्री अंगावर घ्यावंसं वाटेल अशी थंडी असली तरच फळ पिकूनही आंबट राहतं. पिकण्याच्या दिवसांत पाऊस नको. जमीन हलकी, मुरमाड, पाणी धरून न ठेवणारी हवी. वेलीला जरा उपाशीच ठेवावं लागतं, पोटभर मिळालं की ती नुसती पानं वाढवत बसते. दिंडोरीला हे सगळं आपसूक जमून येतं. पोलादपूरला मी ते जमलंय असं मानलं, कारण मी तिथे गेलो होतो माघात. सकाळी गारठा, दुपारी स्वच्छ ऊन, पायाखाली तांबडी खडेरी माती. वर्षाचे उरलेले महिने मी पाहिलेच नव्हते.

पुण्यात एक मुक्काम करून मी महाबळेश्वरवरून महाडला जाणारी एसटी धरली. माझ्या वयाला एसटीत तिकीट लागत नाही. कंडक्टरने आधारकार्ड निरखलं, फोटो आणि मी यांची तुलना केली आणि म्हणाला, "आजोबा, फोटोत बरे दिसता." मग त्यानेच मला उजवीकडची खिडकी मोकळी करून दिली.

सह्याद्री ओलांडताना मातीकडे बघत बसावं. वाईपर्यंत काळी माती आणि ऊस. पसरणीचा घाट चढून पाचगणीला आलं की माती एकदम तांबडी होते आणि जांभा (भोकाभोकांचा तांबडा दगड) दिसू लागतो. महाबळेश्वरात झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ चढलेलं, फाल्गुनातही सुकलेलं नव्हतं. एवढ्या थोड्या अंतरात पाऊस किती पटींनी वाढतो हे झाडांच्या सालीवर लिहिलेलं असतं. वीस वर्षांपूर्वी याच रस्त्याने मी जीपमधून गेलो होतो आणि मला फक्त थंड हवा जाणवली होती.

आंबेनळी घाटात एका वळणावर विटांचा ट्रक अडकला होता. बस थांबली. लोक खाली उतरले, कोणी बिडी पेटवली, कोणी फोन लावून रेंज नसल्याचं जाहीर केलं. मी रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या भिंतीजवळ गेलो. वर झाडांची मुळं, खाली पुरुषभर तांबडी माती, तिच्याखाली फिकट, पिवळसर, साबणासारखी चिकण माती आणि तिच्याखाली काळा कातळ. चिकण मातीच्या रेषेवरून उन्हाळ्याच्या तोंडालाही पाण्याचा ओघळ झिरपत होता. वरचं सगळं पाणी त्या थरावर येऊन अडत होतं. मला जे समजायला हवं होतं ते सगळं इथे उघड्यावर होतं.

"आजोबा, दरड बघताव होय?" बसमधली एक बाई मागून म्हणाली. "लांब ऱ्हावा. ही भित पावसाची चालते."

"चालते म्हणजे?"

"चालते म्हंजे खाली येते. दर साल. रस्तावाले येऊन तिला परत पाठवतात."

ट्रक निघाला. तिसऱ्या प्रहरी आम्ही पोलादपूर ओलांडून महाडला पोचलो. पोलादपूरला मुक्कामाची सोय नव्हती म्हणून महाडातच एका लॉजवर खोली घेतली.

लॉजच्या जिन्याजवळ भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक मातकट रेघ होती. खालची भिंत रंगवलेली, रेघ तेवढी राखलेली. मालक माझ्या वयाहून जरा लहान, पांढरा लेंगा, चष्मा दोरीला बांधलेला.

"पाण्याची आहे," तो म्हणाला. "एकवीस सालच्या जुलैची. मुलगा म्हणाला, बाबा, पुसून टाकू, गिऱ्हाईक घाबरतं. मी म्हटलं, राहू दे. पुढच्या खेपेला गाद्या किती वर न्यायच्या ते तरी कळेल."

"दरडीखाली तळीये गाव तेव्हाच गेलं ना?"

"त्याच पावसात." त्याने चावी माझ्या हातावर ठेवली आणि जिन्यातला दिवा लावला.

संध्याकाळी चवदार तळ्यावर गेलो. मार्चमधल्या सत्याग्रह दिनाच्या गर्दीची तयारी सुरू झाली होती, मांडवाचे बांबू येऊन पडले होते. पायऱ्यांवर परभणीकडचं एक जोडपं बसलं होतं. दरवर्षी गर्दीच्या आधी येतो, म्हणजे नीट बसता येतं, असं त्या गृहस्थांनी सांगितलं. त्यांच्या पत्नीने ओंजळीने पाणी घेऊन चेहऱ्यावरून फिरवलं.

मी विचारलं, "दरवर्षी एवढ्या लांबून?"

"घरी बसून 'पाणी आमचं बी हाय' म्हटलं तर चालत नाही का, असं आमचा जावई बी इचारतो," ते म्हणाले. "मी त्याला म्हणतो, जिथं नाकारलं होतं तिथंच येऊन म्हणावं लागतं. घरात काय, घरात सगळेच म्हणतात."

त्यांची गोष्ट मोठी, माझी फार लहान, आणि दोन्ही एका तागडीत घालण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण लॉजवर परतताना एक ठरलं. मी येताना मनात धरलं होतं की गणपतच्या घरी बसून त्याची माफी मागावी आणि परतावं. आता ते पुरेसं वाटेना. जे बोलायचं ते गावकीसमोर बोलायचं.

सकाळी पोलादपूर. स्टँडबाहेर मिनीडोर (मागे बाकडी टाकलेली तीनचाकी) उमरठच्या दिशेला लागली होती. माझ्या मांडीवर कोणाची तरी पिठाची पिशवी, पायांत कोंबडीची टोपली. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "आजोबा, लेकीकडं काय शिमग्याला?"

"नाही. गावकीला."

"बापरे," तो म्हणाला. "मंग जेवून जावा. गावकी बसली की उठत नाय."

उमरठच्या पुढे फाट्यावर उतरलो. तिथून वाडी डोंगरावर, पायवाटेने. वाडीचं नाव मी लिहीत नाही, कारण इथे दोष माझा सांगायचा आहे, वाडीचा नाही. निम्म्या वाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एक पाय अनवाणी आणि एक पायात चप्पल असा मी दगडावर बसलो असताना वरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई उतरत आली. चाळिशीची, काटक, नजर थेट.

"तुमीच ते द्राक्षवाले?"

"हो. सुनंदा?"

"मला वाटलं चांगले उंच असाल. आबा सांगतात तसे." तिने भारा उतरवला, गवताची दोन पाती पिळून त्यांनी चपलेचा अंगठा बांधला आणि म्हणाली, "आता हळू चला. तुमी मोडलाव तर माझी केस गेली."

वाडी म्हणजे उतारावर एकमेकांना धरून बसलेली थोडी घरं, प्रत्येक घराला लागून गोठा, आणि वर टोकाला देवीची राई. गणपत ओटीवर बसला होता. मला पाहून तो भिंतीचा आधार घेत उभा राहिला. मी शिव्यांची तयारी करून आलो होतो.

"साहेब आलं!" तो म्हणाला. "गो सुनंदा, च्या टाक. साहेबांना गूळ घालून नको गो, ते साखरवाले."

माझा चहा कसा असतो हे त्याच्या लक्षात होतं.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी. चटणी तिखट होती. गणपत मला भाकरी मोडून देत होता आणि मी त्याला ते वाक्य सांगायची वेळ शोधत होतो. शेवटी घास खाली ठेवून सांगितलं. मासिकात मी काय लिहिलं, का लिहिलं, सगळं.

त्याने भाकरीचा आणखी एक तुकडा माझ्या ताटात ठेवला.

"लिवलाव तर लिवलाव. हितं कोण वाचतंय," तो म्हणाला. मग भांड्यातलं पाणी पिऊन, माझ्याकडे न बघता, "पर निगा राखली होती वो मी."

सुनंदा चुलीपाशी होती. तिने पाठ वळवली.

दुपारी आम्ही माळावर गेलो. गणपतचा मुलगा महेश महाडला कारखान्यात कामाला आहे, शिमग्याच्या रजेवर आला होता. त्याने कुदळ घेतली. देवीच्या राईला लागून असलेला हा उतार गणपतच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या कसायला आहे. बागेच्या आधी इथे नाचणी आणि वरी व्हायची. बाग मेल्यानंतर इथे कोणी काही पेरलेलं नाही. जुने खांब लोकांनी गोठ्यांना नेले होते. एका खांबाचं बूड तेवढं राहिलं होतं.

"बांध मी घातले व्हते," गणपत म्हणाला. "ओळीखाली एकेक. माती जाया नको म्हणून. त्यानं मेली काय?"

कोकणातल्या माणसाच्या हाताला हे वळणच असतं. उतार दिसला की तो बांध घालतो. भाताला पाणी अडवायचं असतं. द्राक्षाच्या माणसाला तेच पाणी मुळाशी नको असतं. मी म्हटलं, "बांध नसते तर माती गेली असती, वेली तिच्याबरोबर गेल्या असत्या. बांध होते म्हणून माती राहिली आणि पाणीही राहिलं. तुम्ही काहीही केलं असतं तरी बाग गेलीच असती."

महेशला मी खोल खणायला सांगितलं. वीस वर्षांपूर्वी मी इथे गुडघाभर खणून थांबलो होतो. तांबडी, हलकी, बोटांतून गळणारी माती पाहून खूश झालो होतो. आता महेश कमरेपर्यंत गेला आणि कुदळीचा आवाज बदलला. घाटातल्या भिंतीत होती तीच फिकट चिकण माती. मी तिचा गोळा करून दाबला. तो फुटला नाही.

"याच्यावर पाणी थांबतं," मी गणपतला सांगितलं. "आषाढ-श्रावणात मुळं पाण्यात कुजली. वर सूर्य दिसत नव्हता, म्हणून काडीत फळ धरलंच नाही. पानांवर केवड्याची बुरशी आली, औषध मारलं की तासाभरात धुऊन जायचं."

"तुमी फोनवर सांगितलंव, मोरचूद मारा. मी मारत व्हतो. रोज मारत व्हतो."

"माहीत आहे."

"हात निळे झाले व्हते," तो म्हणाला, आणि हात पाहिले, जणू अजून असतील.

मग मी विचारलं, "गणपतराव, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? बाग कशाने गेली?"

त्याने राईकडे पाहिलं. "देवीचा माळ. त्याच्यावर दारूचं झाड लावलं. त्याच पावसात वाडीची गुरं रोगानं गेली. कौल लावला, देवीनं सांगितलं कोप हाय." कौल म्हणजे देवीच्या मूर्तीला फुलं लावायची, प्रश्न विचारायचा आणि उजवं पडतं की डावं ते बघायचं. "साहेब, गुरं गेली ना."

मी समजत होतो की गावाने त्याच्यावर आळ घेतला आणि तो मनात निर्दोष राहून सोसत आला. तसं नव्हतं. इतकी वर्षं तो स्वतःलाच पापी समजत होता. शिमग्याला ढोल वाजू लागले की तो गोठ्यात जाऊन बसायचा, असं सुनंदाने नंतर सांगितलं.

गावकी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात बसली. ऊन अजून होतं. पुरुष सतरंजीवर, बायका खांबांपलीकडे, आणि मुंबईहून आलेले, तिथल्या वाडीकरांच्या मंडळाचे लोक एका बाजूला, पायांत अजून बूट-मोजे. गावप्रमुख बाळाराम, सत्तरीचा, आवाज खणखणीत. देवीपुढे गाऱ्हाणंही तोच घालतो. गाऱ्हाणं म्हणजे गावाचं म्हणणं देवीला मोठ्याने ऐकवणं.

त्याने माझ्याकडे बोट केलं. "पावणं नाशकाकडून आलेत. बोला म्हणतात. बोला."

मी उभं राहून बोललो. माती कशी आहे, पाणी कुठे थांबतं, द्राक्षाला काय लागतं, सल्ला कोणाचा होता, मी काय लिहिलं आणि ते का खोटं आहे. घोकलेलं भाषण नव्हतं. चिकण मातीचा गोळा मी बरोबर आणला होता, तो हातोहात फिरला. एका मुंबईकराने तो नाकाला लावला.

"साहेब, माती आणलाव ती ठीक," मागून कोणीतरी म्हणालं, "एक बाटली पण आणायची व्हती!"

हशा झाला. बाळारामने हात वर केला.

"वेलींचं सांगितलंव. गुरांचं सांगा."

"गुरांचं मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "जे ठाऊक नाही ते मी एकदा लिहून बसलो. पुन्हा बोलणार नाही."

मग खांबापलीकडून एका म्हातारीचा आवाज आला. ती बाळारामची थोरली बहीण, हे मला नंतर कळलं. "गुरं तर खालच्या वाडीची पण मेली. त्यांनी कुठं द्राक्षं लावली व्हती रे बाळ्या?"

"आक्का, तू गप ऱ्हा."

"ऱ्हाते. मी पयल्यापास्नं गपच हाय."

बाळारामने टोपी काढून पुन्हा घातली. "माती चुकली, पाऊस चुकला. म्हंजे माणूस कोणीच चुकला नाय. मंग कौल खोटा म्हणायचा काय?"

मी याचा विचार करून आलो नव्हतो. कौल खोटा म्हटलं तर गाव उठून जाईल. खरा म्हटलं तर गणपत आहे तिथेच राहील. मुंबईकरांतला संतोष नावाचा एक जण पुढे झुकला. चेहरा समजूतदार.

"काका, तुमचा पॉइंट बरोबर आहे," तो म्हणाला. "पण मॅटर देवीच्या दरबारात आहे. तिथे एक नाव गेलंय. ते काढायचं तर त्या जागी दुसरं नाव द्यायला लागेल. असं अर्धं ओपन ठेवून चालत नाही."

"मग माझं द्या," मी म्हटलं.

मी देव मानत नाही. आयुष्यभर लोकांना सांगत आलो की पिकाला कोप लागत नाही, रोग लागतो. आणि आता शिमग्याच्या गावकीत माझ्या नावावर कोप लिहून घ्यायला तयार झालो होतो. म्हणजे एक खोटं खोडायला दुसरं. ते मला बोचत होतं, तेवढ्यात मागे हालचाल झाली. महेशच्या खांद्याला धरून गणपत आला होता. इतक्या वर्षांत तो या मंडपाची पायरी चढला नव्हता. लोकांनी सरकून वाट दिली.

"पावण्याच्या डोक्यावर घालू नका," तो म्हणाला. "बाग मी लावली. माझ्या हातानं खड्डे काढले."

"खड्डे मी सांगितले म्हणून काढलेत."

"तुमी सांगितलंव. लावायची का नाय ते माझं मन व्हतं."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"आणि तुमाला काय माहीत व्हतं?"

"आरं, काय हे!" बाळाराम ओरडला. "पाप नको म्हणून भांडणारे लय बघितले. हे दोघं मला पायजे, मला पायजे करतायत!"

पुन्हा हशा झाला, पण या वेळी वेगळा, सैलावलेला. त्या हशात सुनंदा खांबापुढे आली. बायका गावकीत सहसा बोलत नाहीत. आक्का सोडून.

"नाव कोणाचं पण घ्या," ती म्हणाली. "पण नुसतं नाव घेऊ नका. काय चुकलं ते घ्या. दारूचं झाड म्हणून देवी कोपली, हे गाऱ्हाण्यातून जाया पायजे. माती बघितली नाय, पाऊस बघितला नाय, हे या पायजे. ते खरं हाय. ते पावणं पण म्हणतील, आबा पण म्हणतील."

बाळाराम तिच्याकडे वळला. "गाऱ्हाण्यात माती कशी घालू गो?"

"माती काय देवीची नाय?"

संतोष म्हणाला, "बाळारामकाका, हे बसतंय बघा." आक्का म्हणाली, "बसलं." गावकी तिथेच उठली, मिनीडोरवाल्याच्या अंदाजाआधी बरीच.

सकाळी देवळासमोर सगळी वाडी जमली. ढोल तापवून ठेवलेले. पालखीला झेंडूच्या माळा. बाळारामने नारळ हातात घेतला, मला आणि गणपतला दोन बाजूंना उभं केलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"आई, तू या डोंगराची धनीण. तुझी माती वर येगळी, खाली येगळी. तुझा पाऊस या पावण्यानं बघितला नाय, तुझी माती खालपर्यंत इचारली नाय, आणि तुझ्या माळावर परक्या मुलखाचं झाड लावाया सांगितलं."

"होय महाराजा!" सगळे.

"तुझ्या लेकरानं इश्वासानं लावलं, निगा राखली, हात निळे केले. तरी ते झाड तुझ्या पावसात टिकलं नाय. त्यात लेकराचा दोष नाय."

"होय महाराजा!"

गणपत हे ऐकताना खाली बघत होता. निगा राखली हे शब्द बाळारामने कुठून घेतले, मला माहीत नाही. मी ते आदल्या संध्याकाळी सांगितले असतील. मी देव मानत नसलो तरी त्या गाऱ्हाण्यातल्या एकाही शब्दाला मला हरकत घेता आली नसती. माझ्या लेखापेक्षा ते अचूक होतं.

मग कौल. देवीला दोन्ही बाजूंना फुलं लावली. उजवं पडलं तर मान परत. आम्ही उभे. फुलं पडेनात. ऊन चढू लागलं. कोणाचं तरी बाळ रडलं आणि गप झालं. ओल्या फुलाला दगडावरून सुटायला वेळ लागतो, त्याला हवेतला ओलावा कारण आहे, हे मला सांगता आलं असतं. तरी मी त्या फुलांवरून नजर काढली नाही. मग उजवीकडचं फूल घसरलं, मूर्तीच्या खांद्यावर क्षणभर थांबलं आणि खाली आलं.

ढोल वाजले. महेशने बापाला पालखीकडे नेलं. गणपतच्या खांद्यात आता जोर नाही. त्याने दांड्याखाली खांदा फक्त लावला, वजन मागच्यांनी उचललं, आणि देवळाचा उंबरा ओलांडेपर्यंत तो पुढे चालला. नंतर महेश त्याच्या जागी गेला. गणपत बाजूला होऊन टोपीने तोंड पुसत उभा राहिला. सुनंदा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "चप्पल नवी घ्या पोलादपूरला. घाट चढाया ती टिकायची नाय." एवढंच.

परतीच्या बसमध्ये मी डाव्या खिडकीला बसलो होतो. घाट चढताना माती उलट्या क्रमाने बदलत गेली. मला हलकं वाटत होतं असं लिहिलं तर ते पुरतं खरं होणार नाही. वीस शिमगे तो माणूस गोठ्यात बसला, ते कोणत्याही गाऱ्हाण्याने परत येत नाहीत. पण जे खोटं मी छापलं होतं ते जिथे बाधलं तिथे जाऊन खोडलं, आणि ते मासिक आता बंद पडलं असल्यामुळे छापील दुरुस्ती इथे करतो आहे. गणपतने निगा राखली होती. चूक पाहणाऱ्याची होती.

दिंडोरीला पोचलो त्याच आठवड्यात एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. त्याचा मुलगा वाइनमध्ये उतरू पाहतोय. सह्याद्रीच्या माथ्यावर जागा मिळते आहे, सकाळी धुकं, दुपारी छान ऊन, माती तांबडी. पांढऱ्या द्राक्षाला अगदी योग्य. "काका, येत्या रविवारी येऊन बघून जा. गाडी पाठवतो."

"आषाढात येतो," मी म्हटलं.

"आषाढात? आषाढात तिकडचा रस्ताच बंद असतो, काका. धुक्यात हाताला हात दिसत नाही."

"झालं तर मग," मी म्हटलं. "माझं बघून झालं."